सात-दहाचा प्रश्न

"मॅडम, हात झोपतो म्हणजे नेमकं काय होतं?" अपेक्षाने विचारलं तेव्हा मी फळ्यावर भिंगाची आकृती काढत होते आणि एक किरण अर्ध्यावर राहिला होता. परभणीत वसमत रोडवरच्या एका शिकवणीत मी बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. मे महिन्याची बॅच, पत्र्याचं छत, चार पंखे. मुलांनी नुकतीच तासाभराची चाचणी लिहून संपवली होती. अपेक्षा डावखुरी आहे. ती आपला डावा हात उजव्या हाताने उचलून बाकावर सोडत होती, पुन्हा उचलत होती आणि स्वतःच हसत होती. मागून कोणीतरी म्हणालं, "झोपू द्या की मॅडम, सगळा पेपर त्यानंच लिहिलाय." सगळे हसले. प्रश्न सोपा होता. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, शब्दांच्या क्रमासकट, उदाहरणासकट. मी खडू ठेवला, तिच्या बाकापाशी गेले आणि म्हणाले, "दोन्ही हात वर कर. तसेच धर. आता दात दाखवून हस. पूर्ण नाव सांग." मुलांना वाटलं मॅडम काहीतरी गंमत करताहेत. अपेक्षाचे दोन्ही हात एका उंचीवर होते. तोंड दोन्ही बाजूंनी सारखं उघडलं होतं. तिने नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि मग आवाज बारीक करून विचारलं, "मॅडम, मला काय झालंय?" "काही नाही," मी म्हणाले, "तुला काही झालेलं नाही," आणि दहा मिनिटं आधी वर्ग सोडला. भिंगातून निघालेला किरण फळ्यावर तसाच राहिला, कुठेच न पोचलेला.

हाच प्रश्न गेल्या ऑगस्टमध्ये मला बाबांनी विचारला होता, फोनवर, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. त्या वेळी मी उत्तर दिलं होतं. शिकवणीतून खोलीकडे चालत येताना रस्त्यावर माणूस नव्हता, उन्हाने डांबर मऊ झालं होतं आणि चप्पल प्रत्येक पावलाला थोडी मागे ओढली जात होती. मी पावलं मोजत नव्हते, पण डोक्यात मोजणी चालू होती, ती ऑगस्टपासून चालूच आहे. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला साधारण एकोणीस लाख पेशी मरतात असा एक अंदाज आहे. आमचा तो फोन अकरा मिनिटं चालला. एकोणीस गुणिले अकरा, दोनशे नऊ लाख. दोन कोटी नऊ लाख. हा आकडा मी कुणालाही सांगितलेला नाही. आपल्या आकाशगंगेत किमान दहा हजार कोटी तारे आहेत, मेंदूत आठ-साडेआठ हजार कोटी पेशी, हे वाक्य मी दर वर्षी पहिल्या तासाला मुलांना सांगायचे. दोन्ही आकडे जवळजवळ आहेत, यात काही अर्थ नाही, नुसता योगायोग, असंही सांगायचे, तरी मुलांचे डोळे मोठे व्हायचे. या वर्षी सांगितलं नाही.

बाबा, म्हणजे भगवानराव, एकतीस वर्षं रेल्वेत गेटमन होते, पूर्णा आणि चुडावा यांच्या मधल्या एका फाटकावर. आता ते फाटक नाही, खालून भुयारी रस्ता झाला आहे. फाटक लावणं, गाडी गेली की उघडणं, एवढंच गेटमनचं काम असतं असं लोकांना वाटतं. खरं काम बघण्याचं असतं. गाडी समोरून जाताना प्रत्येक डब्याखाली बघायचं, कुठे धूर निघतोय का, काही लोंबतंय का, ठिणगी उडतेय का, आणि शेवटच्या डब्यातल्या गार्डला झेंडा दाखवायचा की तुझी गाडी मी पूर्ण बघितली, ती नीट आहे. बाबांच्या उजव्या हातात हिरवा झेंडा असायचा, डाव्यात गुंडाळलेला लाल. अकरावीला मी परभणीच्या वसतिगृहात आले तेव्हा त्यांनी साधा फोन घेतला. सकाळची एक गाडी सातच्या सुमाराला जायची आणि पुढच्या गाडीला अवकाश असायचा. सात-दहाला त्यांचा फोन यायचा. तब्येत, जेवण, पैसे यांतलं काहीही न विचारता ते थेट प्रश्न विचारायचे. "शीला, एक सांग. गाडी गेल्यावर रुळात आवाज राहतो, त्यो जातो कुटं?" "सुतार पक्षी एवढं डोकं आपटतो, त्याला चक्कर का येत न्हाई?" "सूर्य इझला तर आपल्याला कवा कळंल?" आठ मिनिटं वीस सेकंदांनी, मी सांगितलं होतं. "म्हंजे सूर्य नसून बी आठ मिनटं आपुन उजेडातच," ते म्हणाले, "कामं करायलोत, हसायलोत." मला उत्तर आलं नाही तर मी ग्रंथालयात शोधायचे आणि दुसऱ्या दिवशी सात-दहाला द्यायचे. बी.एस्सी. झाली, एम.एस्सी. झाली, बाबा निवृत्त होऊन पूर्ण्यात रुळालगतच्या घरात राहायला आले, तरी सात-दहा बदललं नाही. मैत्रिणी म्हणायच्या, तुझी रोज तोंडी परीक्षा असते. परीक्षा नव्हती. त्यांना फक्त प्रश्न विचारायला कोणीतरी हवं होतं. मला उत्तर द्यायला आवडायचं. किती आवडायचं, हे मला फार उशिरा कळलं.

पहिला प्रश्न फोनवरचा नव्हता. मी आठवीत होते, मे महिन्यात बाबांचा डबा घेऊन फाटकावर गेले होते. ते फाटकाच्या खांबापाशी उकिडवे बसले होते आणि जमिनीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे बघ. याला सावलीच न्हाई." खरंच नव्हती. खांब भर उन्हात उभा होता आणि त्याच्या बुडाशी काही नव्हतं, जसा तो वरून जमिनीत ठोकलेला नसून जमिनीवर नुसता काढलेला आहे. "वर्षात दोन डाव असं व्हतं," ते म्हणाले. "एकदा मे मधी, एकदा जुलैत, पर जुलैत ढग असत्यात. धा वर्सं झाले बघायलोय. का व्हत असंल?" दहा वर्षं एक माणूस एका खांबाची सावली बघत होता आणि त्याने कुणाला विचारलं नव्हतं, कारण विचारायला कोणी नव्हतं. मी शाळेत विचारलं. गुरुजी म्हणाले, दुपारी बारा वाजता सगळ्यांचीच सावली जाते. ते चूक आहे हे मला माहीत होतं, कारण मी खांब बघितला होता. गुरुजींना न येणारं उत्तर कुठेतरी असतं, या एका गोष्टीमुळे मी विज्ञानाकडे गेले. उत्तर सापडायला दोन वर्षं लागली. पूर्ण्याच्या अक्षांशावर वर्षातून दोनच दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मे मध्ये सोळा तारखेला, घड्याळात बारा वाजून अठरा मिनिटांनी. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आठरा? मी ईसला धरून बसल्तो." चूक फक्त दोन मिनिटांची होती. तेव्हापासून दर सोळा मेला आम्ही दोघं काठी रोवून बसायचो.

ऑगस्टमधला तो फोनही नेहमीसारखाच होता. "शीला, एक सांग. मानसाचा हात झोपतो, म्हंजे नेमकं काय व्हतं?" माणसाचा, असं ते म्हणाले. माझा, असं नाही. बाबा सगळे प्रश्न असेच विचारायचे, सर्वसाधारण करून, जणू गोष्ट जगाबद्दल आहे. माझे दात घासून झाले होते, चहा समोर होता, पहिला तास नऊचा होता, वेळच वेळ होता. मला त्या प्रश्नाचा आनंद झाला हे मी इथे लिहून ठेवते. मी सांगितलं की कोपराजवळून एक नस जाते, तिच्यावर दाब पडला की संदेश अडतात. पूर्वी केबिनमधून तार ओढून सिग्नलचा हात पाडायचे, त्या तारेवर मधेच दगड पडला तर केबिनवाला कितीही ओढू दे, हात हलणार नाही, तसं. ते म्हणाले, "अस्सं. म्हंजे हात चांगला हाय, तारंतच घोळ हाय." मला ते वाक्य इतकं आवडलं की मी पुढे मुंग्या का येतात तेही सांगितलं, तंतूंचे प्रकार सांगितले, जाड तंतू आणि बारीक तंतू. त्यांचे शब्द जरा जड येत होते. ते मला ऐकू आलं होतं. मला वाटलं तोंडात सुपारी आहे. अकरा मिनिटांनी ते म्हणाले, "बरं. जा तू, तुझा टाइम व्हतोय." साडेअकराला मायचा फोन आला की बाबा ओट्यावरून उठताना पडले, उठेनात, तोंड एकीकडे गेलंय, शेजारच्याच्या जीपने नांदेडला घेऊन निघालोय. मी परभणीहून मिळेल त्या गाडीने निघाले. एक वाजता एका खासगी दवाखान्याच्या दारात दोघींची गाठ पडली.

तिथे एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, कधी झालं? माय म्हणाली, "अकराला पडले साहेब." डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, दोनच तास झाले होते. तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन इंग्रजीत चार वाक्यं सांगितली. सकाळी सात-दहाला त्यांचा हात बधिर होता. बोलणं जड होतं. मला खात्री आहे. फोनमध्ये वेळ आहे. डॉक्टर म्हणाले, "मग नाही देता येणार. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो." ते बरोबर होते, मीही बरोबर होते. मायने विचारलं, "काय म्हनाले?" मी म्हणाले, "उशीर झाला म्हणाले." "कवा झाला उशीर? आत्ताच तं आनलंय." मी दोनदा बरोबर बोलले होते, एकदा सात-दहाला आणि एकदा एक वाजता, आणि त्या दोन बरोबर गोष्टींच्या मध्ये बाबांचा उजवा मेंदू पडला होता.

उजवा मेंदू गेला की डावं अंग जातं हे सगळ्यांना माहीत असतं. आणखी एक गोष्ट जाते, ती मी पुस्तकात वाचली होती आणि मला ती त्या वेळी सुंदर वाटली होती. डावी बाजूच जाते. डोळ्याला दिसतं, पण लक्ष तिकडे जात नाही. बाबा ताटातली उजवीकडची भाजी-भाकर खातात आणि संपलं म्हणून हात धुवायला पाणी मागतात. माय काही न बोलता ताट अर्धं फिरवते, मग ते म्हणतात, "आता कवा वाढलं गं?" कागदावर घड्याळ काढायला सांगितलं तर बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसवतात. भिंतीवर दोन फोटो आहेत, बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा. सकाळी बाबा उजवीकडच्या फोटोपुढेच मान झुकवतात, म्हणून माय एक दिवसाआड फोटोंच्या जागा बदलते. शेजारून गाडी गेली की त्यांचा उजवा हात आपोआप वर जातो. डावा मांडीवर पडून असतो, आणि तो कुणाचा म्हणून विचारलं तर रेल्वेतल्या मित्राचं नाव घेऊन म्हणतात, आश्रुबाचा असंल, इसरून गेला. मी मनातल्या मनात ही गोष्ट मुलांना समजावून सांगते, अजून ती सवय गेलेली नाही. मी सांगते, बाबांना डावीकडे अंधार दिसतो असं समजू नका. तुमच्या डोक्याच्या मागे आत्ता तुम्हाला काय दिसतंय? काळं दिसत नाही. काहीच दिसत नाही, आणि काही चुकल्यासारखंही वाटत नाही. तसं. विश्वातलं आपल्याला जे दिसतं, तारे, धूळ, ग्रह, माणसं, ते सगळं मिळून विसाव्या भागाएवढं आहे. उरलेलं दिसत नाही, पण त्यातलं काही ओढतं, त्या ओढीवरून आपल्याला कळतं की काहीतरी आहे. बाबांचं हरवलेलं अर्धं जग त्यांना ओढतसुद्धा नाही. मग माझ्या मनात येतं, आपल्या सगळ्यांच्या मेंदूत जन्मापासून अशी एखादी बाजू नसेल कशावरून, जिच्याकडे बघायला आपल्याकडे काहीच नाही, आणि आपलं ताट कोण फिरवणार. इथे माझा विचार थांबतो, कारण याचं मोजमाप करता येत नाही.

पण या सगळ्यापेक्षा वेगळी एक गोष्ट आहे. बाबा आता प्रश्न विचारत नाहीत. ते बोलतात, हसतात, आश्रुबाकाकांना शिव्या देतात, पण ऑगस्टपासून मे पर्यंत नऊ महिन्यांत सात-दहाला फोन आलेला नाही. मी डॉक्टरांना विचारलं होतं, ते म्हणाले असं होतं, उत्सुकता कमी होते, वाट बघा. एकदा, फार पूर्वी, बाबांनी विचारलं होतं, "एवढं इश्व हाय म्हन्तीस, अब्जावधी वर्साचं. त्यात मानसाचं काम काय?" मी तेव्हा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि कठोर उत्तरं द्यायला मला आवडायचं. मी म्हणाले, काही काम नाही बाबा, विश्वाने कुणाला काम दिलेलं नाही. मला वाटलं होतं ते खट्टू होतील. ते म्हणाले, "मंग गेटमनसारखंच हाय की. गाडी काय आपल्यासाठी येत न्हाई. आपल्याला घिऊन बी जात न्हाई. पर जाताना कोनीतरी तिला बघितलं पायजे का न्हाई?" आता तो बघणारा माणूस अर्धं बघतो आणि ते अर्धं आहे हे त्याला माहीत नाही. आणि ज्या तासांत हरवलेलं अर्धं वाचलं असतं, ते तास कुणी घालवले हेही त्याला माहीत नाही. मला ते त्यांना सांगायचं होतं. नऊ महिने मी दर रविवारी त्यासाठी पूर्ण्याला गेले आणि मायच्या हातचं जेवून परत आले.

खोलीवर पोचले तेव्हा फोनवर आठवण आली होती. दर वर्षी येते: उद्या सोळा मे, शून्य सावली, बाबा. मी शिकवणीत उद्या येणार नाही म्हणून कळवलं. सकाळच्या गाडीत खिडकीजवळ बसले. पिंगळी गेलं, मिरखेल गेलं, नांगरून पडलेली काळी रानं गेली. आज सांगायचं, एवढंच मी ठरवलं होतं. त्यांनी माफ करावं म्हणून नाही. निदान मला तसं वाटत होतं.

घरी ओसरीवर बाबा चाकाच्या खुर्चीत बसले होते आणि शेजारी आश्रुबाकाका. काका रेल्वेत कीमन होते, रोज हातोडा घेऊन मैलोगणती रूळ चालायचे आणि सैल झालेल्या चाव्या ठोकायचे. दोघं तीस वर्षांचे मित्र. "आली का मास्तरीनबाई?" काका म्हणाले. "बरं झालं. तुझ्या बापाला सांग, माझी बिडीची पुडी त्याच्या डाव्या खिशात हाय, दोन दिस झाले देत न्हाई." बाबांनी शर्टाकडे बघितलं, उजवीकडे चाचपलं. "या शर्टाला खिसाच न्हाई." "बघ. चोर तं चोर आन वर शिंप्याचं नाव." बाबा हसले. "आन तुझा हात घिऊन जा की घरी," ते म्हणाले, "माझ्या मांडीवर वझं झालंय." काकांनी बाबांचा डावा हात उचलला, बोटं जरा चोळली आणि परत जागेवर ठेवला. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "माझ्या घरी जागा न्हाई. सूनबाई कटकट करती." ते उठून गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. अकरा वाजून गेले होते. मी कोनाड्यातून हिरव्या झेंड्याची काठी काढली, रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून तीत उभी केली, ओळंब्याने सरळ केली आणि डबा अंगणात ठेवला. बाबांची खुर्ची ओसरीच्या कडेला आणली, दक्षिणेकडे तोंड करून, कारण अंगण त्याच बाजूला होतं. काठीची सावली पश्चिमेला, म्हणजे त्यांच्या उजव्या हाताला पडली होती. ती त्यांना दिसत होती. दोन फुटांच्या काठीची सावली दर चार मिनिटांना जवळजवळ एक सेंटीमीटर आखडते. आम्ही बघत बसलो. माय आत भाकरी थापत होती, तिच्या हातांचा आवाज येत होता.

"बाबा," मी म्हणाले, "ऑगस्टात तुमी मला फोन केल्ता. हात झोपतो म्हंजे काय व्हतं, असं इचारलं व्हतं." घरी माझी भाषा आपोआप बदलते. ते सावलीकडे बघत होते. "तवा तुमाला त्रास सुरू झाल्ता. मला कळायला पायजे व्हतं. मी लगेच दवाखान्यात जा म्हनले असते तर वेळ व्हता. मी तुमाला तारंचं सांगत बसले." माझा आवाज सरळ राहिला, मी त्याचा सराव केला होता. बाबांनी मान हलवली, नम्रपणे, परक्या माणसाचं ऐकावं तशी. "कोनाचा हात?" "तुमचा. हा डावा." "हा व्हय? ह्यो तं आश्रुबाचा हाय." आणि माझी समजूत काढल्यासारखं म्हणाले, "त्यो काय बोलनार न्हाई तुला. चांगला मानूस हाय." तेव्हा मला कळलं की मी ज्यांची माफी मागत होते ते तिथे नव्हते. माफ करणारा माणूस त्याच हरवलेल्या अर्ध्यात राहिला होता.

आतला भाकरीचा आवाज कधी थांबला ते मला कळलं नाही. माय दारात उभी होती, हाताला पीठ. "तू एकलीच काय वझं घिऊन बसलीस," ती म्हणाली. "त्या दिवशी साडेपाचला त्यायच्या हातातून कपबशी पडली. म्हनले, हाताला मुंग्या आल्यात. मी म्हनले, शीलाला इचारा, ती शिकलेली हाय." तिने हाताचं पीठ झाडलं. "मी तवाच लावा म्हनले फोन. तं म्हने, न्हाई, पोरगी घाबरंल. सात-दहालाच इचारतो, रोजच्यावानी. फोन मांडीवर घिऊन बसून ऱ्हायले दीड तास. आन मी बसू दिलं." साडेपाच ते सात-दहा. एक तास चाळीस मिनिटं. माझ्या डोक्याने गुणाकार सुरू केला आणि मी तो थांबवला, पहिल्यांदाच. "मला का सांगितलं न्हाईस?" "तू सांगितलंस का मला?" माय म्हणाली. "त्या डाक्टरला विंग्रजीत काय बोललीस, ते कळंना, पर तुझं तोंड दिसत व्हतं की मला." ती हात पुसत आत गेली. तिच्या सांगण्याने माझी अकरा मिनिटं कमी झाली नाहीत. फक्त ती आता एका मोठ्या वेळेत होती, जिथे तिघं बसलो होतो आणि एकमेकांना घाबरवायचं नाही म्हणून गप्प होतो. प्रश्नाची वेळ ठरलेली होती. त्या वेळेआधी विचारलं तर तो प्रश्न राहिला नसता, संकट झालं असतं. म्हणून त्यांनी वाट बघितली.

बारा वाजून अठरा मिनिटांनी सावली नाहीशी झाली. काठी उन्हात नुसती उभी होती. "गेली," बाबा म्हणाले. दर वर्षी या क्षणी ते टाळी वाजवायचे. या वर्षी ते बघत राहिले, काठीच्या उजवीकडे, जिथे सावली होती तिथे. बारा बावीसला सावली पूर्वेला निघाली, नखाएवढी, त्यांच्या डाव्या बाजूला. बारा तीसला ती दोन बोटं झाली. बाबा अजून उजवीकडेच बघत होते. त्यांच्या कपाळावर एक आठी पडली, जी मी नऊ महिन्यांत बघितली नव्हती. मायने ताट आणून ओसरीवर ठेवलं आणि तीही उभी राहिली.

"शीला," बाबा म्हणाले, "एक सांग."

मी हललेही नाही.

"सावली गेली, ती परत येती का न्हाई?"

उत्तर मला येत होतं. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, सावली एका बाजूने जाते आणि दुसऱ्या बाजूने येते, आलेलीच आहे, तुमच्या डावीकडे आहे, तुम्हाला ती दिसत नाही कारण. पूर्ण वाक्य, उदाहरणासकट, तोंडात तयार झालं. मी ते गिळलं. मी खाली उतरून त्यांच्या समोर, थोडी उजवीकडे, त्यांना दिसेन अशी उकिडवी बसले आणि विचारलं, "बाबा, असं का इचारायलात?"

रुळावरून एक मालगाडी गेली आणि त्यांचा हात वर गेला नाही.

"भ्याव वाटलं," ते म्हणाले.

मी उठले. मायने न सांगता छत्री उघडली. आम्ही दोघींनी खुर्ची ओसरीवरून खाली उतरवली, अंगण ओलांडून काठीच्या पलीकडे, भिंतीपाशी नेली आणि फिरवली, उत्तरेकडे तोंड करून. छत्रीच्या गोल सावलीत बाबा बसले होते आणि त्यांच्या समोर उन्हात काठी होती, आणि काठीची सावली, आता तीन बोटांची, त्यांच्या उजव्या हाताला पडली होती. त्यांनी ती बघितली. मग आम्ही जिथून आलो त्या ओसरीकडे, रिकाम्या जागेकडे बघितलं, आणि पुन्हा सावलीकडे.

"हाय की," ते हळू म्हणाले. "मी तिकडंच बघत बसल्तो."